खापरपणजोबांचे कागद: रविवारी सगळ्यांनी घेऊन या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला जुन्या वाड्यावर जमायचंय. मोडी वाचणारे सर येणारेत, उशीर नको.

- पत्रिका, सनदा, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या, नाव कोरलेली भांडीसुद्धा आणा.
- कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप अजिबात नको!! फोटो दोन्ही बाजूंचे, मागे बऱ्याचदा शेरा असतो.
- कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, म्हणजे शके १७७४ हे साधारण १८५२, त्याच वर्षी इनाम कमिशनचा (इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इंग्रजांचं मंडळ) कायदा आला आणि इनामदारांना हक्काचे पुरावे दाखवावे लागले, म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारातही (जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर) शोधायचंच आहे, कोण येतंय ते सांगा.
- नाशिककरांनी तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणारे गुरुजी) वहीत आपलं गाव, आडनाव बघून यावं.
- मोठ्या आत्यांच्या आठवणी आधी रेकॉर्ड करा, हे सगळ्यात महत्त्वाचं.