फिश टँकच्या स्टँडची मजबुती आणि सपाटपणा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या एका नातेवाइकांच्या घरी रात्री दोनच्या सुमारास तीन फुटी फिश टँक फुटला. कोणाला इजा झाली नाही, परंतु शंभराहून अधिक लिटर पाणी बैठकीच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि मुलांनी कळशीत उचलून टाकलेले दोन गोल्डफिश तेवढे वाचले. सर्वांनी दोष काचेला दिला. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फॅब्रिकेशनचे काम केल्याच्या सवयीने मी मात्र सकाळी आधी खालचे कपाट पाहिले. भुशाच्या दाबलेल्या फळीचे, मुळात टीव्हीसाठी विकलेले ते कपाट एका कोपऱ्यात पावाच्या लादीसारखे फुगले होते आणि काचेची चीर नेमकी त्याच कोपऱ्यातून वर चढली होती. दर आठवड्याला पाणी बदलताना सांडलेले चार थेंब आणि वर बेळगावचा पाऊस, ज्यात सागवानी दरवाजेसुद्धा चौकटीत अडकतात. अशा ओलीत ती फळी टिकेल अशी अपेक्षाच चुकीची होती.

गिऱ्हाइकाला वजनाचा अंदाज नसतो, हे पहिले कारण. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक म्हणजे साडेचार घनफूट, अर्थात सुमारे १२७ लिटर. वरची दोन-तीन बोटे रिकामी ठेवली, तरी पाणीच ११५ किलोंच्या आसपास भरते, आणि त्यात काच व तळाची वाळू मिळवली की एकूण भार १६० किलोंच्या घरात जातो. म्हणजे सिमेंटची तीन पोती रात्रंदिवस एका जागी उभी आहेत असे समजावे. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच टँक घेतला, तर हा भार तीनशे किलोंच्या पुढे जातो. लांबी एकाच फुटाने वाढली म्हणून जुनाच स्टँड चालेल, असे समजणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

तरीही माझ्या अनुभवात निव्वळ वजनाने मोडलेला लोखंडी स्टँड क्वचितच आढळतो. काच फुटते ती स्टँडला असलेल्या पिळामुळे. चार कोपऱ्यांपैकी एक कोपरा एखाद-दोन मिलिमीटर खाली असेल, तर रिकामा टँक काही बोलत नाही. पाणी भरले की सगळा ताण तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यावर येतो. पातळ पाइप वेल्डिंगच्या उष्णतेने ओढला जातो, म्हणून चारही कोपरे आधी नुसते टाचून घ्यावेत, कर्ण मोजावेत आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. पीळ पाहण्याची आमची जुनी रीत सोपी आहे. वरच्या चौकटीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे ताणून बांधावेत. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर चौकट पिळलेली आहे. वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा पाहिले की शंका उरत नाही.

तीन फुटी टँकसाठी दीड इंची चौकोनी पाइप, जाडी २ मिलिमीटर, घ्यावा असे माझे मत आहे. एक इंची पाइप तुटणार नाही, पण मधोमध किंचित लवेल आणि काचेला तेच सोसत नाही. चार फुटांना मध्ये पायांची आणखी एक जोडी हवी. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसलेली असावी. पायाला बाजूने चिकटवलेल्या पट्टीवर सगळा भार लोंबकळत ठेवू नये. मागच्या बाजूला तिरपी कैची हवीच, म्हणजे स्टँड बाजूला डोलत नाही. एक फूट रुंदीचा उंच स्टँड लहान मुलाने धरून ओढला तर पुढे येतो, म्हणून तो भिंतीलाही क्लॅम्पने बांधावा. रंगाआधी गंजरोधक रेड ऑक्साइडचा हात द्यावा, हे आपल्या हवेत वेगळे सांगायला नको. लाकडाचाच हट्ट असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लायवूड घ्यावा.

सपाट तळाचा टँक असेल, तर चौकटीवर प्लाय आणि त्यावर थर्माकोलची शीट अंथरावी. तळाला प्लास्टिकची कड असलेल्या टँकला थर्माकोल लावू नये, कारण त्याचा भार कडेवरच पेलायचा असतो. जमीन उंचसखल असेल, आणि जुन्या शहाबादी फरशीवर ती असतेच, तर पाचर स्टँडच्या पायाखाली मारावी, टँक आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही नाही. स्पिरिट लेव्हल नसली तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. गल्लीतील जुन्या घरांत माडीवर लाकडी तक्तपोशी असते. तिथे शक्यतो मोठा टँक नकोच, आणि ठेवायचाच तर भिंतीलगत, लांबी तुळयांना आडवी येईल असा ठेवावा, म्हणजे भार अनेक तुळयांवर विभागतो. विजेचा बोर्ड टँकच्या थेट खाली नसावा आणि पंपाची वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जावी, जेणेकरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

शहरातील फिश टँक विक्रेत्यांना आपल्या पत्रामार्फत माझी एवढीच विनंती आहे की टँकच्या बिलावर तो भरल्यानंतरचे एकूण वजन किलोंमध्ये लिहून द्यावे. बिल कन्नडमध्ये असो वा मराठीत, आकडा सर्वांना वाचता येतो, आणि तो पाहिल्यावर टीव्हीच्या कपाटावर टँक मांडणारा माणूस निदान एकदा वेल्डरकडे चौकशी करील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फॅब्रिकेटर,
अनगोळ, बेळगाव