दत्ताच्या पायाशी लॅब्राडोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तजयंतीला आपल्या दैनिकाबरोबर आलेली रंगीत पुरवणी मी अजून रद्दीत दिलेली नाही. पहिल्या पानावर दत्ताचं पानभर चित्र होतं. देव छान, गाय छान, मागचा औदुंबरही छान. पण पायाशी बसवलेली कुत्री पाहिली आणि माझा चहा निवून गेला. एक कान टवकारलेला अल्सेशियन, एक तुकतुकीत सोनेरी लॅब्राडोर, एक निळ्या डोळ्यांचा बर्फाळ मुलखातला, आणि चौथ्याला मोजून पाच पाय! हल्ली संगणकाला सांगितलं की तो चित्र काढून देतो म्हणे. त्यानं दिलं, आणि तुमच्याकडे कुणी पाय मोजले नाहीत.

राग नाही. पण या चार कुत्र्यांशी माझं जरा जुनं नातं आहे, म्हणून लिहितो.

मी दोंडाईच्यात तसबिरी मढवतो. दुकान वडिलांचं, आता माझं. देव, लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो, सत्काराची मानपत्रं, सगळं काचेखाली घालतो. छंद मात्र एकच, ज्या चित्रात कारवान कुत्रा, म्हणजे आपला देशी सडपातळ शिकारी कुत्रा असेल ते चित्र जमवायचं. आजपर्यंत त्रेचाळीस झाली. त्यात छापील चित्रं आहेत, कॅलेंडरं आहेत, काडेपेटीवरची दोन लेबलं आहेत आणि टपाल तिकिटं आहेत. टपाल खात्यानं ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती. मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातला मेंढपाळ कुत्रा. ती चारी मी एका चौकटीत लावली आहेत, मुधोळ मधोमध. मुधोळ म्हणजे आपला कारवानच. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला या जातीची कुत्री भेट दिली आणि मुधोळचं नाव गाजलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी कारवानी, आणि कानापायांवर झुलपं असतील तर पश्मी.

हा छंद लागला तो हरणीमुळे. आजोबांच्या शेतात दरवर्षी ठेलारी मेंढपाळ मेंढ्या बसवायला यायचे. त्यांच्यातल्या एकानं आजोबांना ही पिल्लू असताना दिली. वाळूच्या रंगाची, निमुळतं तोंड, छाती खोल आणि पोट असं आत ओढलेलं की पाहुणे म्हणायचे, ‘आबा, इले खावाले देत नही का?’ दोन्ही वेळा भाकरी-ताक खाऊनही ती तशीच दिसायची. वासावर नाही, नजरेवर पळायची. ससा दिसला की कपाशीच्या ओळीतून नुसती रेघ जायची. (ती शिकार बेकायदा आहे हे आम्हा पोरांना कुणी सांगितलं नव्हतं.) तिचा एकही फोटो नाही. फोटो तेव्हा माणसांचेही लग्नातच निघायचे.

पुढे दुकानात जुनी तसबीर उघडताना पहिल्यांदा हरणी दिसली. शहाद्याकडच्या एका म्हाताऱ्या आजींचा दत्त होता. पाठीमागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, काचेला आतून धूर धरलेला. त्या आजींच्या सासूनं दत्ताला खरी जर चिकटवलेली होती. पितांबराला कापड, मुकुटाला टिकल्या. पूर्वी बायका हौसेनं चित्र असं नटवायच्या. माझी नजर खाली गेली. चारी कुत्र्यांच्या गळ्यात तिनं एकेक काळा मणी ओवून चिकटवला होता. आणि कुत्री सगळी बारक्या कमरेची, लांब तोंडाची, खाली पडलेल्या कानांची. चित्रकारानं ती कुठून पाहिली असतील कोण जाणे, पण कुत्रं बघून काढलं होतं एवढं नक्की. विलायती ग्रेहाउंड पाहून काढलं असतं तर कान मागं दुमडलेले असते.

तेव्हापासून भिंग घेऊन बसतो. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे दिसतात. नंतरच्या ऑफसेटमध्ये तेच ठिपके शिस्तीत, फुलाफुलांचे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून निघालेले देव आपल्या खानदेशातल्या देवघरांपर्यंत पोचले. माझ्याकडे दगडी छपाईचे सात दत्त आहेत. त्यातले रविवर्मा छापखान्याचे किती, हे मी सांगू शकत नाही. आणि त्याचं कारण मी स्वतः आहे.

छापखान्याचं नाव चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर असतं. आम्ही तसबीरवाले वर्षानुवर्षं ती पट्टी कापत आलो. गिऱ्हाईक म्हणायचं, चौदा बाय वीसच्या तयार चौकटीत बसवा, स्वस्तात पडेल. मग चित्र खालून दोन बोटं कापायचं. देवाचं डोकं कसं कापणार? म्हणून नेहमी खालूनच. त्यात छापखान्याचं नाव गेलं आणि पुष्कळदा कुत्र्यांचे पंजेही गेले. माझ्या कटरनं असे किती पंजे कापले असतील याचा हिशेब नाही. तेव्हा संगणकानं एक पाय जास्त काढला म्हणून हसायचा मला फारसा हक्क नाही.

बायकोला हा छंद मान्य नाही. ‘देव एक नि कुत्रा त्रेचाळीस,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तरी खंडोबाचं एक जुनं चित्र तिनंच माहेरून आणून दिलं. घोड्याच्या पायाशी कुत्रा दैत्याच्या मांडीला भिडलेला आहे. एकदा तिला घेऊन अजिंठ्यालाही गेलो होतो. सतरा क्रमांकाच्या लेण्यात शिकारीला निघालेल्या राजाबरोबर कुत्री रंगवली आहेत. आत उजेड बेताचा, मागून लोकांचा रेटा, मी आपला भिंतीपाशी मान वाकडी करून उभा. ती म्हणाली, लोक इथं पद्मपाणीचं प्रसिद्ध चित्र बघायला येतात.

देवाच्या चित्रातल्या कुत्र्याकडे आपण बघतच नाही. सारंगखेड्याचं उदाहरण देतो. एकमुखी दत्ताची यात्रा, तापीकाठी घोड्यांचा बाजार. तिथे घोडा घेणारा माणूस काय काय बघतो! भोवरे कुठे आहेत, खूर कसे, दात किती, कानांची टोकं एकमेकांना भिडतात की नाही. काठेवाडी-मारवाडी घोड्याचा कान चुकीचा असेल तर शेतकरी लांबूनच मान हलवतो. त्याच यात्रेत, त्याच माणसानं, मागच्या वर्षी माझ्यासमोर दत्ताची चमकती तसबीर घेतली. पायाशी चार पामेरियन. कुत्र्यांकडे त्यानं बघितलंही नाही. मी बोललो, तर म्हणाला, ‘भाऊ, कुत्रा तो कुत्राच.’ ती चार कुत्री म्हणजे चार वेद असं आपण पोरांना सांगतो, आणि वेदांना पामेरियनचं रूप दिलं तरी आपलं काही अडत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचं नाव घेतलं, तेव्हा आठवडाभर दुकानात माझ्या भिंतीकडे बोट दाखवून चौकशी झाली. पिल्लू कुठे मिळेल म्हणून. चित्र कुणीच मागितलं नाही. पिल्लाच्या भानगडीत मी पडत नाही. त्याला पळायला रान लागतं, आणि विचारणारे सगळे दोन खोल्यांच्या फ्लॅटमधले.

आता मुद्द्याचं. पितृपक्ष संपला की घरोघरी साफसफाई निघते. जुनी तसबीर घरात ठेवू नये म्हणून लोक ती पिंपळाखाली ठेवतात, नाहीतर प्रकाशाला तापीच्या घाटावर नेऊन सोडतात. काचा फुटतात, आंघोळीला उतरणाऱ्यांच्या पायात जातात, आणि चित्र दोन दिवसांत लगदा होतं. मी तिथून अकरा उचलून आणली, त्यातली तीनच वाचली. आपलं दैनिक धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्ही जिल्ह्यांत जातं. एवढं छापावं, की जुना दत्त किंवा खंडोबा विसर्जन करायचा असेल तर आधी कुठल्याही जवळच्या तसबीरवाल्याकडून मागचा पुठ्ठा काढून बघा. कधीकधी एका चित्रामागं दुसरं, त्याहून जुनं, आधाराला घातलेलं असतं. मला तशी दोन मिळाली आहेत. ओलं झालं असेल तर उन्हात टाकू नका, रंग उडतो. सावलीत, दोन कोऱ्या कागदांमध्ये, वर पाट ठेवा.

आणि माझ्याकडे आणलंत तर बदल्यात नवा दत्त काचेसकट मढवून देईन, पैसे घेणार नाही. काच फुटलेली चालेल, कसर लागलेली चालेल, जरतार उपटलेली चालेल. खालची पट्टी शाबूत असली तर येण्याजाण्याचं बसभाडंही देईन.

आपला,
तसबिरी मढवणारा एक वाचक,
दोंडाईचा, जि. धुळे