दांडिया बाजारातल्या त्या दादाचे आभार

पंधरा दिवस नेट सारखं जात होतं. कंपनीचं एकच पालुपद: राउटर बंद करून चालू करा. आणि दुसऱ्या दिवशी मुलीची ऑनलाइन मुलाखत!

शेजारी सीसीटीव्ही बसवायला आलेल्या मुलाला आईनं हाक मारली. त्यानं राउटरला हातही लावला नाही. लॅन केबल बोटांनी चाचपत गेला. कपाटामागे टोकाशी ती चेपली होती, आतल्या आठांपैकी दोन तारा तुटायला आलेल्या. “म्हणून स्पीड १०० एमबीपीएसवर अडतो, गिगाबिटला, म्हणजे हजारला, आठही तारा लागतात, काकी.” चेपलेला तुकडा कापून टोकाला नवा आरजे-४५ प्लग बसवला. मग केबल तपासायच्या टेस्टरचे, तारेगणिक एक असे, आठही दिवे आईकडूनच मोजून घेतले! तिला केवढं अप्रूप. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला, तोही अर्धाच कप. मुलाखत विनाअडथळा झाली. दादा, नाव विचारायचं राहिलं. उरलेला अर्धा कप बाकी आहे, या.