टाचणीला हात लावणारा माणूस कार्यगटात हवा

महोदय,

रिओ दि जानिरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली आणि दोनशे वर्षे जमवलेले बरेचसे एका रात्रीत गेले. त्यानंतर प्राणी-वनस्पतींच्या जुन्या संग्रहांचे डिजिटायझेशन हवे की नको, हा वादच उरला नाही. उरला आहे तो या कामाची पद्धत ठरवणारे कार्यगट कसे बांधायचे हा प्रश्न. तिथे हमखास एक भलीमोठी समिती नेमली जाते: विभागप्रमुख, संगणकवाले आणि खर्चावर सही करणारे.

मी काही महिने एका संग्रहात चिठ्ठ्या वाचून संगणकावर उतरवण्याचे काम हौसेने केले. टाचणीवरच्या कीटकाची माहिती त्याच्या पोटाखाली, त्याच टाचणीत ओवलेल्या नखाएवढ्या दोन-तीन चिठ्ठ्यांवर असते. त्या चिमट्याने एकेक करून उतरवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा त्याच क्रमाने ओवायच्या. यात कधी एखादा पाय गळतो. तो छोट्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावायचा. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर मात्र रोप आणि चिठ्ठी शेजारी-शेजारी. नेदरलँड्समधल्या लायडनच्या नॅचरॅलिस संग्रहालयात असे लाखो कागद सरकत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्याखालून गेले. बरणीतल्या माशाचे तिसरेच: चिठ्ठी अल्कोहोलमध्ये बुडालेली आणि काचेवर दिव्याची चकाकी.

या तिघांना एकच कार्यपद्धती लावता येत नाही. अमेरिकेत आयडिगबायो या जैविक संग्रहांच्या डिजिटायझेशनच्या राष्ट्रीय प्रकल्पाने २०१२ मध्ये गट पाडले तेही चपटे कागद, टाचणीवरचे नमुने, बरणीतले नमुने अशा हिशेबानेच. आपल्याकडेही प्रत्येक प्रकाराला पाच-सहा जणांचा गट, त्यात निम्मे रोज नमुने हाताळणारे, आणि सहा महिन्यांत पायरीनिहाय लिहिलेली पद्धत हातात. एवढे पुरे.

सगळ्यांना सामाईक असा एकच गट लागेल, तो ठिकाणांचा. ‘पुलापासून दोन मैल पूर्वेला’ अशी चिठ्ठी असते. कुठला पूल, मैल रस्त्याने मोजलेले की सरळ रेषेत? नकाशावर नुसता ठिपका ठेवला तर ती खोटी अचूकता झाली. ठिपक्याभोवती अनिश्चिततेचे वर्तुळ किती त्रिज्येचे, हेही नोंदवावे लागते. त्यासाठी डार्विन कोअर या जैविक नोंदींच्या मानकात वेगळा रकाना आहे. तो रिकामा राहतो, कारण भरायचा कुणी हे कुणी ठरवलेलेच नसते.

आमच्या संग्रहात एका जुन्या संग्राहकाचा एक आणि सात यांतला फरक ओळखणारे एकच सहायक होते. अकरा तारीख की सतरा, हे विचारायला आम्ही सगळे त्यांच्या टेबलापाशी जायचो. कार्यगटाच्या तीन बैठका झाल्या. त्यांना एकाही बैठकीचे बोलावणे नव्हते, आणि चौथीच्या आधी ते निवृत्त झाले.

– एक वाचक