संज्यास, मुक्ताच्या गाडीबद्दल

इंडियानापोलिस, ११ मे

प्रिय संज्या,

शनिवारी लेकीच्या ड्रॅग रेसच्या (सरळ पट्टीवर कमी अंतराची शर्यत) गाडीची चासी तपासणीत पास झाली, स्टिकर लागला! घरी सगळ्यांना सांगून झालं, पण त्याचा अर्थ कळणारा तूच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

इन्स्पेक्टरने गेज लावून नळ्यांची जाडी मोजली, केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या, एकेका जोडावर टॉर्च फिरवला. आणि ऐक मर्दा, इथे वेल्डला ग्राइंडर लावायला बंदी आहे. नियमच आहे तसा. जोड जसा पडला तसा दिसला पाहिजे. वेल्ड घासून आरसा करायची तुझी हौस इथे फाटकातच अडवली असती. उद्यमनगरात ज्यावरून आपण अबोला धरला, तो वाद आता कायमचा मिटला. आपल्या वेल्डिंगच्या गुरूंची, आबांची, बाजू घेणारा मी बरोबर होतो, हे आता लेखी दे.

नळी ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद), तिला टिग वेल्डिंगच लागतं. आबांनी शिकवलं तसं मनगट टेकवून, हाताची घाई न करता ओढलंय. फोटो पाठवतो, वेल्डचे खवले बघ कसे एकसारखे पडलेत.

पण स्टिकर लागल्यापासून माझी झोप उडालीय. ज्युनियर ड्रॅगस्टर, म्हणजे मुलांची छोटी ड्रॅग गाडी, १७ वर्षांपर्यंतच, मुक्ता १८ची झाली. त्या छोट्या गाडीत एका सिलिंडरचं इंजिन आणि अंतरही निम्मं. आता तिच्या पाठीमागे ४५४ घन इंचांचं बिग ब्लॉक व्ही-८ इंजिन, तेही मिथेनॉल या अल्कोहोल इंधनावर. ४०२ मीटर नऊ सेकंदांच्या आत. ताशी १५० मैल ओलांडले की पॅराशूट सक्तीचं, म्हणून तेही बसवलंय. मिथेनॉल पेटलं तर उन्हात ज्वाळा दिसत नाही, हे मला रात्री दोन वाजता आठवतं. मग उठून गॅरेजात जातो आणि तपासलेलेच जोड पुन्हा तपासतो. केज दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्यावर विसंबून झोपलो असतो. हे माझ्या हातचं आहे रे.

इंजिन मागे का असतं माहितीय? पूर्वी ड्रायव्हर इंजिनच्या मागे, गिअरबॉक्सवर पाय पसरून बसायचा. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात लायन्सच्या स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले, उजव्या पावलाचा भाग गेला. त्या माणसाने इंजिन मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ ला पोमोनात शर्यत जिंकून दाखवली. सुरुवातीला अशा गाड्या सरळ जात नव्हत्या. स्टिअरिंग मंद केल्यावर, म्हणजे ते बरंच फिरवलं तरी गाडी थोडीच वळेल असं केल्यावर, जमलं. मीही मुक्ताचं मंदच ठेवलंय. ती कुरकुरते, कुरकुरू दे.

गिअरबॉक्स पॉवरग्लाइड, दोनच गिअर. ट्रान्सब्रेक ऐकून तू उडशील: पहिला आणि रिव्हर्स एकदम लागतात, गाडी जागेवर जखडते, इंजिन ओरडत राहतं, बटण सोडलं की सुटते. तुझ्या आरएक्स १००चा क्लच तू पन्हाळ्याच्या घाटात जाळलास, तेव्हा असं काही असतं तर बरं झालं असतं. (आणि तो तूच जाळलास. मी मागे बसलो होतो.)

रेसच्या लायसन्ससाठी डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घेतात. आत बसायचं आणि सांगितलेलं बटण, खटका, पॅराशूटची दांडी न बघता हाताने दाखवायची. धुरात काही दिसलं नाही तर काय, म्हणून. काल गॅरेजात सराव केला. बेल्ट, हातांचे पट्टे, सगळं लावून मुक्ता बसली. मी "इंधन बंद" म्हणायच्या आत तिचा हात तिथे! मी मात्र घामाघूम.

आता तू सांग. पहिली धाव मी मारू की ती? मी आधी मारावी, गाडी सरळ जाते का बघावं आणि मग तिला बसवावं, असं मला वाटतं. ती म्हणते, सीट तिच्या मापाची ओतलीय, तू त्यात मावत नाहीस, आणि बाबा, तुला तुझ्याच वेल्डवर भरवसा नाही का? यावर उत्तर सुचलं नाही. अनघा दोघांशीही बोलत नाही.

जुलैत ये ना. जोडांवरून तुझा अंगठा एकदा फिरू दे, मग मी मोकळा. व्हिसाची कागदपत्रं मी पाठवतो.

काकूंचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं का? रोहनचा बारावीचा निकाल कळव, आणि नवीन लेथ घेतलास की अजून भावच करतोयस?

उत्तर फोनवर दे, मेसेज नको. आमच्या रात्री कर, मी जागाच असतो.

तुझा,
विज्या