टोच्या माझ्या हाती देणाऱ्या सुतारकाकांस

आदरणीय सुतारकाका,

सप्रेम नमस्कार. आपल्याला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीत लिहीत आहे, कारण फ्रान्समधल्या जुरा डोंगराच्या पायथ्याशी इतकी वर्षे नोकरी करूनही मनापासून आभार मानायचे म्हटले की मला फ्रेंच पुरत नाही. भेटीत उलगडून सांगेनच.

1948 सालची ती फ्रेंच मोटार, प्यूजो 202 ‘कानादिएन’, आपल्या अंगणात उतरवली, तेव्हा मी जवळजवळ हार मानली होती. युद्धानंतर पोलादी पत्र्याची टंचाई असताना या गाडीचा मागचा भाग लाकडात बांधला गेला, हीच तिची खरी ओळख. आणि आधीच्या दोघा तज्ज्ञांना नेमके ते लाकूडच नकोसे होते. एकाने कुजलेल्या भागात लांबी (पुट्टी) भरून वर वॉर्निश चढवले आणि बिल मात्र नव्या लाकडाचे लावले. दुसऱ्याने दाराला हातही न लावता “सगळे सोलून पत्रा बसवा” असा सल्ला दिला. 1133 सीसीचे इंजिन आणि जाळीमागे दडवलेले दोन दिवे यांवर भरभरून बोलणारी ही मंडळी लाकडाचा विषय निघताच घड्याळ पाहू लागत.

आपण मात्र खिशातून टोच्या काढलात आणि स्वतः न वापरता माझ्या हातात दिलात. “टोचा, आत गेला तर खडूने खूण करा,” एवढेच म्हणालात आणि आपल्या कामाला लागलात. मागच्या लाकडी सांगाड्यातल्या खांबाच्या वरच्या अंगाला टोच्या ठक्‌ करून अडला. खाली, पायाशी, भिजलेल्या पावात जावा तसा शिरला. काचेवरून ओघळणारे पाणी तिथे साचते हे तेव्हा उमगले. (कोकणातल्या आमच्या घराची चौकटही उंबरठ्यालगतच आधी कुजली होती.) तासाभरात खडूच्या अकरा खुणा झाल्या आणि बाकीचे ऍश झाडाचे लाकूड ठणठणीत निघाले. हे मला कोणी सांगितले नाही. माझ्या मनगटालाच कळले.

पुढे आपण तेवढेच तुकडे बदललेत, लाकडाची रेघ वळणाबरोबर जाईल असे बेतून, हे तर आहेच. पण माझ्या अज्ञानावर चार पैसे जास्त मिळवण्याची सोय आपल्यापुढेही होती, आणि आपण पहिल्याच तासात ती स्वतःच्या हाताने मोडून टाकलीत. जाणकाराची सभ्यता म्हणतात ती मला तरी अशीच दिसली.

गेल्या रविवारी पाऊस उघडल्यावर मी सगळे खांब पुन्हा तपासले. मागच्या डाव्या दाराच्या पायाशी टोच्या किंचित आत गेल्यासारखा वाटला. खूण करून ठेवली आहे. शनिवारी गाडी घेऊन येतो. सोबत आईने पाठवलेले बेसनाचे लाडूही आणतो.

आपला कृतज्ञ,
कानादिएनवाला