मुक्कामी गाडीच्या माणसांसाठी : बडतर्फ एसटी कर्मचाऱ्यांच्या घरांना हातभार लावण्याचं आवाहन

२० मार्च २०२२

तालुक्यातल्या सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्यात डोंगराच्या कडेला ज्या वाड्या आहेत, तिथं रात्रीची शेवटची गाडी साडेआठ-नऊला पोचायची आणि मुक्कामाला राहायची. चालक गाडी शाळेच्या पटांगणात लावायचा. वाहक खांबावरच्या दिव्याखाली बसून दिवसाचा हिशेब जुळवायचा. तेवढ्यात कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण झाकून यायचं. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. आज या आळीची पाळी, उद्या त्या आळीची. पहाटे सहाला दुधाच्या किटल्या, हायस्कूलच्या पोरी आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन तीच गाडी खाली उतरायची. पास दातात धरून, वेणी घालत पळत येणारी पोरगी दिसली की वाहक दुसरी बेल द्यायचा नाही, ती चढेपर्यंत गाडी थांबायची.

हे पत्र त्याच चालक-वाहकांसाठी आहे आणि आगारात रात्रपाळीला गाडीखाली आडवं होऊन काम करणाऱ्या यांत्रिक कर्मचाऱ्यांसाठीही. त्यांच्यातल्या ज्यांना संपात उतरल्याबद्दल बडतर्फ केलं गेलं, त्यांच्या घरचा शिधा संपत आला आहे. ज्यांच्या पितळीत आपण एवढी वर्षं भाकरी वाढली, त्यांच्या चुलीकडं आता बघायची वेळ आली आहे.

काय घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण पाच महिन्यांत बऱ्याच गोष्टींची सरमिसळ झाली आहे. २७ ऑक्टोबर २०२१ ला उपोषण सुरू झालं. महागाई भत्त्याची मागणी लगेच मान्य झाली, पण एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी तशीच राहिली आणि उपोषणाचा संप झाला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत राज्यातल्या अडीचशे आगारांत बहुतेक गाड्या उभ्या राहिल्या. औद्योगिक न्यायालयानं आणि मुंबई उच्च न्यायालयानं संपाला मनाई केली होती. २४ नोव्हेंबरला शासनानं मूळ वेतनात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५ हजार, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४ हजार आणि त्यापुढच्यांना अडीच हजार रुपये. काही जण कामावर परत गेले, पुष्कळ जण गेले नाहीत. मग निलंबन, रोजंदारीवाल्यांची सेवासमाप्ती आणि शेवटी बडतर्फी. नव्वद हजारांवर माणसं असलेल्या महामंडळात आजघडीला दहा हजारांहून जास्त जणांच्या हातात बडतर्फीचा कागद आहे. विलीनीकरण शक्य नाही, असं शासनाच्या तीन सदस्यांच्या समितीनं अहवालात म्हटलं आहे आणि प्रकरण उच्च न्यायालयात सुरू आहे.

विलीनीकरणाबद्दल आमच्या तालुका नागरिक मदत समितीतच दोन मतं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही. आमच्यातल्या काही जणांना वाटतं, पगारवाढ झाली तेव्हाच कामावर जायला हवं होतं. काहींना वाटतं, नऊ-दहा वर्षं गाडी चालवून हातात बारा-पंधरा हजार पडत असतील, आणि तेही कोरोनाच्या काळात महिना-महिना रखडत असतील, तर माणूस कायमची सोय मागणारच. हा वाद न्यायालयात आणि विधिमंडळात मिटेल. पण बडतर्फी ही नोकरीतली सगळ्यात मोठी शिक्षा आहे. पैशाची अफरातफर करणाऱ्याला जी शिक्षा, तीच चौदा वर्षं एकही अपघात न करता घाटात गाडी चालवणाऱ्याला, केवळ तो संपात बसला म्हणून! हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि या एका मुद्द्यावर समितीतल्या सगळ्यांचं एकमत आहे.

चौदा वर्षांचा हा हिशेब ज्यांचा आहे, त्या चालकाच्या घरी आम्ही गेल्या आठवड्यात गेलो होतो. नाव सांगत नाही, तशी त्यांची इच्छा आहे. भिंतीवर विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्र काच लावून टांगलेलं. खाली ट्रंकेवर खाकीचे दोन जोड धुऊन, इस्त्री करून ठेवलेले. बडतर्फीचा आदेश त्यांनी ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला, तिच्यातच पोरांचे जन्मदाखले, रेशनकार्ड आणि पतसंस्थेचं कर्जाचं पुस्तक होतं. सध्या ते ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर आहेत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की तेही काम संपेल. थोरली मुलगी दहावीला. परवाच्या १५ तारखेला पहिला पेपर झाला, ती साडेचार किलोमीटर चालत गेली. तिचे वडील आम्हाला म्हणाले, “तिच्यासाठी काही मागू नका, ती पास होईल. आधी आगारातल्या रोजंदारीच्या पोरांचं बघा, त्यांच्या लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नाही.”

आम्ही जिथं जिथं गेलो, तिथं कुणी ना कुणी दुसऱ्याच घराचं नाव सांगितलं. त्यामुळं यादी करायला वेळ लागला आणि ती अजून पुरी झालेली नाही.

यादीतलं दुसरं नाव आम्हाला एका किराणा दुकानदारानं दिलं. त्यांच्या दुकानात खाकीवाल्यांची उधारीची खाती वेगळ्या लाल वहीत आहेत. पगाराच्या तारखेला खातं बेबाक व्हायचं आणि नवं पान सुरू व्हायचं, असं वीस वर्षं चाललं. ऑक्टोबरनंतर एकाही खात्यावर आडवी रेघ पडलेली नाही. वही आमच्यापुढं ठेवून ते म्हणाले, ही बाकी मी आत्ता मागणार नाही, पण पुढं माल भरायला माझ्याकडंही भांडवल उरलेलं नाही. पगार आगारात थांबला, तरी त्याची झळ अशी सगळ्या बाजारपेठेला लागते.

आता तुमच्यापैकी ज्यांना राग आहे त्यांच्याशी बोलतो. तुमचा राग खोटा नाही. पाच महिने वडापच्या खासगी गाड्यांना लोंबकळत, दुप्पट-तिप्पट पैसे मोजत तुम्ही तालुक्याला आलात. मोफत पासावर शाळेला येणाऱ्या कितीतरी मुली या काळात घरी बसल्या, त्यातल्या काही परत शाळेत येतील का, याची आमच्यातल्या शिक्षकांना खरीच धास्ती आहे. आजारी माणसाला रात्री खाली आणायला गाडी मिळाली नाही, अशी घरंही आम्हाला माहीत आहेत. हे सगळं संपात बसलेल्यांनाही माहीत आहे, कारण त्यांचीही घरं त्याच वाड्यांवर आहेत आणि त्यांच्याही मुली त्याच पासावर शाळेला येत होत्या. तुम्हाला संप पटला नसेल तर नसू दे. पण ज्या चुलीवर पाच महिन्यांत पगाराचा पैसा आलेला नाही, त्या चुलीला तुमचा राग लावू नका, एवढंच मागणं आहे.

जे कामावर परत गेले, त्यांच्याबद्दलही वाकडं बोलू नका. कुणाच्या घरी डायलिसिसवरचा बाप आहे, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय. ज्यानं त्यानं आपल्या घराकडं बघून ठरवलं. त्यांच्यातल्या काहींनी गेल्या महिन्याच्या पगारातून या निधीला गुपचूप पैसे दिले आहेत.

आम्हाला काय हवं आहे, ते नेमकं सांगतो.

पहिल्यांदा धान्य. एका घराला महिन्याला गहू १० किलो, ज्वारी ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, गोडेतेल २ लिटर, साखर २ किलो, चहापूड, मीठ आणि चटणी, असा शिधा द्यायचा आहे. बाजारभावानं याला दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. ज्वारी नुकतीच निघाली आहे, गहू निघतोय. ज्यांच्या खळ्यावर रास पडली आहे त्यांनी एक पायली जरी दिली तरी चालेल. घरची हळद, मिरची, शेंगा आणल्यात तर उत्तमच. जुने कपडे मात्र आणू नका.

दुसरं म्हणजे रोख रक्कम, आणि यातला मोठा भाग कोर्टाच्या कामाला लागणार आहे. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण घाई इथंच आहे. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीबद्दल, कामगाराची मागची सेवा न बघता, चुकीच्या मानानं धक्का बसावा इतकी भारी शिक्षा देऊन त्याला काढून टाकणं ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. संपात बसणं ही चूक किरकोळ की गंभीर, हे न्यायालय ठरवेल. पण न्यायालयानं ते ठरवावं यासाठी आधी तक्रार दाखल झाली पाहिजे, आणि तिला मुदत आहे नव्वद दिवसांची. डिसेंबरच्या अखेरीला ज्यांना आदेश मिळाला त्यांची मुदत याच महिन्यात संपते, जानेवारीवाल्यांची एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात ज्या रोजंदारीवाल्यांची सेवा संपवली, त्यांची तर होऊनही गेली. त्यांना उशीर का झाला याचं सबळ कारण देऊन माफी मागावी लागेल. त्याशिवाय महामंडळाच्या नियमांप्रमाणं खात्यातलं अपील वेगळं करावं लागतं.

आमच्याकडं आलेल्यांपैकी काहींनी आरोपपत्राचं पाकीटच घेतलं नव्हतं, काही चौकशीच्या तारखेला गेले नव्हते. घेतलं म्हणजे कबूल केल्यासारखं होईल, अशी समजूत होती. तसं नसतं. पाकीट न घेतल्यानं आपलीच बाजू कागदावर येत नाही. ज्यांच्या चौकश्या अजून चालू आहेत त्यांनी कृपा करून तारखेला हजर राहावं आणि उत्तर लेखी द्यावं.

तालुक्यातल्या दोन वकिलांनी फी न घेता उभं राहायचं कबूल केलं आहे. पण झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, टायपिंग आणि तारखेला जिल्ह्याच्या गावी जायचं भाडं यालाच एका माणसामागं बराच खर्च येतो. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, कचेरीत नोकरी केलेली मंडळी, तुमच्याकडून आम्हाला पैशापेक्षा वेळ हवा आहे. अर्ज लिहिणं, नेमणुकीपासूनचे कागद तारखेनुसार लावणं, बक्षिसं आणि प्रशस्तिपत्रांच्या प्रती जोडणं, हे काम संध्याकाळी दोन तास बसून दहा माणसांनी केलं तर पंधरवड्यात उरकेल. मागच्या सेवेचा प्रत्येक चांगला कागद न्यायालयात मोलाचा आहे. एखाद्या वाहकानं गाडीत सापडलेलं पाकीट किंवा दागिना तुम्हाला परत केला असेल, चालकानं रात्री वाट वाकडी करून बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं असेल, तर तसं चार ओळींत लिहून सहीनिशी द्या. असं लिहून देण्यासारखं या तालुक्यात कितीतरी जणांकडं आहे.

पतसंस्थांच्या संचालकांना एक स्वतंत्र विनंती. हप्ते थकले म्हणून जामीनदारांच्या मागं लागू नका. जामीनदारही बहुतेक याच आगारातले आहेत. निकाल लागेपर्यंत वसुली थांबवण्याचा ठराव संचालक मंडळापुढं ठेवा. शाळांनीही राहिलेल्या फीसाठी कुणाचा निकाल किंवा दाखला अडवू नये.

निधीबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये. निधी गोळा करत असल्याचं सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी कळवलं आहे. छापील पावती घेतल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका, आमच्या सदस्यालासुद्धा. जमाखर्च दर रविवारी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. तिथं रक्कम आणि खर्चाचं कारण असेल, घेणाऱ्याचं नाव नसेल. शिधा अंधार पडल्यावर घरपोच दिला जाईल आणि देताना फोटो काढला जाणार नाही. कुठल्याही पक्षानं मदत दिली तर आनंद आहे, पण पिशवीवर चिन्ह नको आणि सोबत झेंडा नको.

ज्यांना घरी बसून मदत नको, काम हवं आहे, असे बरेच आहेत. अवजड वाहनाचा परवाना असलेले चालक आहेत, डिझेल इंजिनात हात बसलेले यांत्रिक आहेत, पै-पैचा हिशेब ठेवणारे वाहक आहेत. दुधाचा टँकर, पाण्याचा टँकर, गॅरेज, गोदाम, कुठंही तात्पुरतं काम असेल तर कळवा. दिवसाची मजुरी ठरलेली तेवढीच द्या. नड आहे म्हणून कमी देऊ नका.

पाडवा २ एप्रिलला आहे. त्याआधी पहिला शिधा प्रत्येक घरी पोचवायचा आहे. बाजारतळाजवळच्या वाचनालयात रोज संध्याकाळी पाच ते आठ सदस्य बसलेले असतात, धान्य आणि पैसे तिथं आणून द्या. ज्या वाड्यांवरून खाली यायला गाडीच नाही, त्यांच्यासाठी येत्या रविवारी, २७ तारखेला, आमचा टेम्पो वर येईल. चालवायला बडतर्फ चालकांपैकीच एक जण आहे. मुक्कामी गाडीचा जो रस्ता होता त्याच रस्त्यानं तो येईल, त्याच थांब्यांवर थांबेल. वरच्या शेवटच्या वाडीतून सकाळी सहाला निघेल. धान्य तोपर्यंत थांब्यावर आणून ठेवा, आणि कुणाला तालुक्याला दवाखान्यात यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या, जागा ठेवलेली आहे.

आपले,
तालुका नागरिक मदत समितीचे सर्व सदस्य